अंगणातलं न दिसणारं कुंपण: कंपनीला फोन करायच्या आधी आपल्या कुत्र्याकडे बघा

दर वर्षी घरं घ्यायचा सीझन सुरू झाला की आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, की नवीन घर घेतलंय, बॅकयार्ड मोठं आहे, एचओए (म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांची सोसायटी) कुंपण घालू देत नाहीये, तर कुत्र्यासाठी ती इनव्हिजिबल फेन्स कशी आहे? मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते एकदम बेस्ट, आमचा सहा वर्षांत एकदाही बाहेर गेला नाही. दुसरी म्हणते मुक्या जनावराला शॉक देता, लाज नाही वाटत? आणि गंमत म्हणजे दोघांचंही खरं असतं, कारण दोघांचे कुत्रे वेगळे, अंगणं वेगळी आणि घरात घालवायचा वेळही वेगळा.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. आमचा बंड्या लॅब आणि कसल्यातरी हाउंडचं मिक्स, शेल्टरमधून आणलेला. आम्ही ही सिस्टिम जवळजवळ घेतलीच होती, दोन ठिकाणी कोटेशनही मागवून झालं होतं. काय ठरलं ते पुढे येईल, पण त्या दोन महिन्यांत जे कळलं ते आता नव्याने विचार करणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

हे असतं काय, ते आधी समजून घ्या

माझ्या सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर त्यांना वाटलं आम्ही अंगणात झटका मशीन लावतोय, गावाकडे रानडुकरांसाठी शेताला तारा ओढून लावतात तसं. त्यांना काळजी की नातवंडांनी हात लावला तर? तसं नाहीये. झटका मशीनमध्ये करंट तारेत असतो, तारेला लागलं की झटका. इथे तार जमिनीत दोन-तीन इंच खाली पुरलेली असते, घरात किंवा गॅरेजमध्ये एक छोटा ट्रान्समीटर प्लगला लावलेला असतो, तो त्या तारेतून रेडिओ सिग्नल सोडतो. झटका देणारं यंत्र कुत्र्याच्या गळ्यातल्या कॉलरमध्ये. कुत्रा तारेजवळ यायला लागला की कॉलर आधी बीप करते, तरी पुढे गेला की कॉलरखालच्या दोन धातूच्या टोकांतून मानेला शॉक. मुलं, पाहुणे, कुरिअरवाला, कोणीही वरून चाललं तरी काही होत नाही.

ही आयडिया जुनी आहे. रिचर्ड पेक नावाच्या एका अमेरिकन माणसाला याचं पेटंट 1973 मध्ये मिळालं, तेव्हापासून इथल्या सबर्बमध्ये हे चालू आहे. आता तीन प्रकार मिळतात. पुरलेल्या तारेचा सगळ्यात भरवशाचा. दुसरा वायरलेस, म्हणजे घरात एक डबा ठेवायचा आणि त्याच्याभोवती गोल हद्द तयार होते, पण प्लॉट गोल कुठे असतो, त्यामुळे कोपरे वाया जातात आणि भिंती, मोठी धातूची वस्तू, उतार यांनी हद्द पुढेमागे होते. तिसरा जीपीएस कॉलर, फोनवर नकाशात रेघ मारायची की झालं. हा मोठ्या जागेला छान, पण छोट्या अंगणात जीपीएस चार-पाच फूट इकडेतिकडे सरकलं तरी कुत्रा शेजाऱ्याच्या वाफ्यात किंवा रस्त्यावर. घर आणि उंच झाडं असतील तर आणखी सरकतं.

आमच्या ग्रुपवर सगळे याला लक्ष्मणरेषा म्हणतात. पण नीट बघितलं तर हे बरोबर उलटं आहे. ती रेषा बाहेरच्याला आत येऊ देत नव्हती. ही आतल्याला बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरच्याला मात्र मोकळं रान. हा मुद्दा डोक्यात पक्का ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवात कुत्र्यापासून करा, अंगण नंतर

बहुतेक जण उलटं करतात, आधी प्लॉट मोजतात, किंमत विचारतात, आणि कुत्र्याचा विचार शेवटी. मी म्हणेन एक आठवडा काही विकत घेऊ नका, फक्त कुत्र्याला लांब दोरीवर अंगणात सोडा आणि बघा.

बाहेरून दुसरा कुत्रा चालत गेला की हा काय करतो? कान टवकारून बघतो आणि परत वास घेत बसतो, की दोरी ताणून भुंकत सुटतो? हरीण दिसलं, खार दिसली तर? हाक मारल्यावर मागे बघतो का, की कानात बोळे घातल्यासारखा पळतच राहतो? मिक्सर, व्हॅक्यूम, फटाके यांना किती घाबरतो? घाबरल्यावर किती वेळात नॉर्मल होतो, पाच मिनिटांत की दुसऱ्या दिवशीपर्यंत पलंगाखाली?

शिकारी स्वभावाचे, म्हणजे हाउंड, बीगल, हस्की वगैरे, त्यांची अडचण ही की मागे लागले की शॉक त्यांना त्या क्षणी जाणवतच नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या मागच्या गल्लीतल्या बीगलची गोष्ट सांगते. हरणामागे सुसाट गेला, एक क्षण केकाटला आणि पलीकडे. मग हरीण गेलं निघून, याचं डोकं शांत झालं, घरी यायला निघाला तर तारेपाशी बीप! आता आत यायलाही शॉक खावा लागणार. बाहेर जाताना अंगात जोर होता, परत यायला कशाला कोण शॉक खाईल? दीड तास तो आपल्याच अंगणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला रडत बसलेला, आणि घरातले कामावर. शेवटी एका आजोबांनी कॉलर काढून त्याला आत आणलं. उंच कुंपणावरून उडी मारलेला कुत्रा निदान परत येऊन गेटपाशी उभा राहतो. इथे गेटच नाही.

हे नुसतं ऐकीव नाही. ओहायोमध्ये झालेल्या एका पाहणीत 974 कुत्र्यांची माहिती घेतली होती, 2017 मध्ये ती अमेरिकन व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर लोकांच्या जर्नलमध्ये छापून आली. इलेक्ट्रॉनिक फेन्स असलेल्यांपैकी 44 टक्के कुत्रे कधी ना कधी निसटले होते, आणि खरं कुंपण असलेल्यांपैकी 23 टक्के. त्याच पाहणीत हेही होतं की कुत्र्याने कोणाला चावलं याचा कुंपणाच्या प्रकाराशी संबंध दिसला नाही, म्हणजे 'ही फेन्स लावली की कुत्रा चावरा होतो' असं सरसकट म्हणता येत नाही. ते जर्नल कोणी तुमच्या तोंडावर मारलं तर दोन्ही गोष्टी सांगा.

पण भित्र्या आणि तापट कुत्र्यांचं वेगळं आहे. कुत्र्याला तार दिसत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की मी त्या सायकलवाल्या मुलाकडे बघत पुढे गेलो आणि मानेला चटका बसला. मग दोष कोणाचा? त्याच्या मते त्या मुलाचा. दोन-चार वेळा असं झालं की सायकल दिसली रे दिसली की हा दात काढतो. 2000 साली एका वर्तनतज्ज्ञाने अशा पाच केसेस लिहून ठेवल्या होत्या, अशी फेन्स लावलेल्या कुत्र्यांनी माणसांवर हल्ला केल्याच्या. पाच म्हणजे काही हजार नाहीत, पण तुमचा कुत्रा आधीच अनोळखी माणसावर गुरगुरत असेल तर हा जुगार खेळू नका. आणि भित्रा कुत्रा असेल तर दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं तसं होतं, बीप ऐकून तो अंगणच सोडतो. आमच्या ओळखीत एक आहे, मायक्रोवेव्हची बीप झाली तरी थरथरतो, अंगणात शीसाठीसुद्धा जात नाही. मग तार पुरून मिळवलं काय?

मग सूट कोणाला होते? खायला मिळालं की खूष, हाकेला वळणारा, घाबरला तरी चटकन सावरणारा, मोठा झालेला शांत कुत्रा, ज्याला अंगणात तुम्ही असताना खेळायचंय आणि फुटबॉलमागे चुकून रस्त्यावर जाऊ नये एवढंच पाहिजे. अशांसाठी चालतं, आणि खूप घरांत वर्षानुवर्षं चालतंय. पिल्लांसाठी घाई करू नका, बऱ्याच ट्रेनर लोकांचा सल्ला सहा महिन्यांनंतरचा असतो. अगदी छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत कॉलरच्या बॉक्सवर किमान वजन दिलेलं असतं ते बघा. ऐकू न येणारा म्हातारा कुत्रा असेल तर बीप कामाची नाही, व्हायब्रेशनवाली कॉलर लागेल.

मग अंगण मोजा, पण खरं मोजा

इथे बरेच जण फसतात. तार हद्दीच्या आतून घालावी लागते आणि बीपची पट्टी तारेच्या आणखी आत. समजा तुमचा प्लॉट पाव एकर आहे आणि चौकोनी, म्हणजे एक बाजू साधारण 104 फूट. तार तीन फूट आत आणि बीप-शॉकची पट्टी सहा फूट धरली तर प्रत्येक बाजूने नऊ फूट गेले. उरलं 86 बाय 86. म्हणजे जागेचा जवळपास तिसरा हिस्सा कुत्र्याच्या दृष्टीने गायब, आणि त्यात मधे घर, डेक, ड्राइव्हवे! टाउनहाउसच्या, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घराच्या, मागच्या वीस फुटी पट्ट्यात तर विचारच सोडा, कुत्रा एका खांबाएवढ्या जागेत उभा राहील. रस्त्याकडच्या बाजूला तर मी अजून जास्त आत घ्यायला सांगेन, कारण कुत्रा अंगणातून भुंकत धावत आला की फुटपाथवरून चालणाऱ्याला थोडीच माहितीये की हा थांबणार आहे. आमच्या शेजारच्या आज्जी अशाच एकदा घाबरून पडल्या होत्या, कुत्रा पाच फुटांवर थांबला होता, तरी.

आता ती लक्ष्मणरेषावाली गोष्ट. तुमच्या भागात कायोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखं जंगली जनावर) फिरतात का? शेजाऱ्यांचा मोकाट कुत्रा आहे का? शाळेची मुलं शॉर्टकट म्हणून अंगणातून जातात का? हे सगळे आत येऊ शकतात आणि तुमच्या कुत्र्याला पळायला जागा नाही, पळाला तर शॉक. छोटा कुत्रा असेल तर एवढ्या एका कारणासाठी मी नाही म्हणेन. मोठा असला तरी कोणी लक्ष द्यायला नसताना बाहेर ठेवून ऑफिसला जाणं, हे या सिस्टिमचं कामच नाही.

कागदपत्रं आणि नियम

एचओएला मेल टाकून विचारा, बहुतेक ठिकाणी पुरलेल्या तारेला काही म्हणत नाहीत पण लेखी असलेलं बरं. कुत्रा पट्ट्यावर ठेवण्याबद्दलचा शहराचा किंवा काउंटीचा नियम वाचा, काही ठिकाणी इनव्हिजिबल फेन्स म्हणजे कुत्रा 'बांधलेला' असं धरतात, काही ठिकाणी नाही. तुमच्या कुत्र्यावर आधी चावल्याची नोंद असेल तर विषय संपला. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात अशा धोकादायक ठरवलेल्या कुत्र्याला एकटं सोडायचं तर घरात, नाहीतर कुलूपबंद पिंजऱ्यात किंवा तशाच बंदिस्त जागेत, असा कायदाच आहे. जमिनीतली तार त्यात बसत नाही.

खणायच्या आधी 811 ला फोन करा, फुकट आहे, गॅस, वीज, इंटरनेटच्या लाइनी कुठून जातात ते येऊन रंगाने आखून देतात. दोन-तीन इंचच खणायचंय म्हणून हे टाळू नका, इंटरनेटची केबल पुष्कळदा तेवढ्याच खोल टाकलेली असते आणि मग घरात सगळे तुमच्याकडे बघतात.

युरोपातल्या वाचकांसाठी एवढंच की वेल्समध्ये 2010 पासून शॉक देणाऱ्या कॉलरवर बंदी आहे आणि त्यात ही कुंपणंही आली, जर्मनीतही शॉक कॉलर चालत नाही. इथे अमेरिकेत बंदी नाही, पण जनावरांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या व्हेट लोकांची जी संघटना आहे तिने 2021 मध्ये स्पष्ट लिहिलंय की ट्रेनिंग बक्षीस देऊनच करा, शॉक वापरू नका. विकणारा माणूस हे सांगणार नाही, म्हणून मी सांगितलं.

खर्च

स्वतः लावायची तारेची किट काही शे डॉलरमध्ये येते. माणूस बोलावून ट्रेनिंगसकट केलं तर हजार-दोन हजारांच्या घरात जातं. खरं कुंपण याच्या कितीतरी पट. त्यामुळेच लोक इकडे वळतात, त्यात काही चूक नाही. फक्त बॅटऱ्या, तुटलेली तार जोडणं, दुसरा कुत्रा आला की दुसरी कॉलर, हे धरा.

लावायचं ठरलं तर तार घालताना

तार एक अखंड वेटोळं पाहिजे, ट्रान्समीटरमधून निघून परत तिथेच. घरापासून हद्दीपर्यंत जी जाण्यायेण्याची तार असते ती दोन्ही एकमेकींना पीळ देऊन घाला, पीळ दिला की सिग्नल मारला जातो आणि कुत्रा तिथून बिनधास्त जाऊ शकतो. याच कारणाने फक्त तीन बाजू करायच्या असतील तर परतीची तार पहिलीच्या अगदी जवळून आणू नका, चार-पाच फूट अंतर ठेवा, नाहीतर सिग्नल तिथेही मरेल. कोपरे काटकोनात न वळवता गोलसर घ्या. शेजाऱ्याकडेही हीच सिस्टिम असेल तर दोन्ही तारा लांब ठेवा, एकमेकींत गोंधळ घालतात. ट्रान्समीटरला सर्ज प्रोटेक्टर लावाच, आमच्या इकडच्या उन्हाळी वादळात एक वीज पडली की डबा गेला.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लॉनला एरेशन करणारे येतात ना, भोकं पाडायला, त्यांना तार कुठे आहे ते दाखवा. निम्म्या तारा त्यांच्या मशीननेच तुटतात असं मला वाटतं. तार तुटली की ट्रान्समीटर ओरडतो, पण तो गॅरेजमध्ये ओरडतो आणि तुम्ही टीव्हीपुढे असता.

ट्रेनिंग, म्हणजे खरं काम

तार पुरायला एक शनिवार पुरतो, कुत्र्याला शिकवायला किमान दोन-तीन आठवडे, रोज दहा-पंधरा मिनिटं, दोनतीनदा. एवढा वेळ नसेल तर इथेच थांबा. मनापासून सांगते, हा प्रश्न बजेटपेक्षा मोठा आहे.

हद्दीवर छोट्या पांढऱ्या झेंड्या लावायच्या, किटमध्ये येतात. पहिल्या आठवड्यात कॉलरची धातूची टोकं टेपने झाकून फक्त बीप. कुत्रा दोरीवर, आणि दोरी साध्या पट्ट्याला, शॉकच्या कॉलरला कधीच नाही. झेंडीपाशी गेला, बीप झाली, की तुम्ही हसत "चल चल" म्हणत घराकडे वळायचं आणि तो वळला की चिकनचा तुकडा. बीप म्हणजे मागे फिर, मागे फिरलं की मजा, हे डोक्यात बसलं पाहिजे. बरेच कुत्रे एवढ्यावरच शिकतात, मग शॉकची पातळी अगदी कमीवर ठेवून भागतं. दुसऱ्या टप्प्यात टेप काढून सगळ्यात खालची पातळी, कुत्रा नुसता दचकून मागे वळला की पुरे, केकाटला तर जास्त झालंय. मग मोह दाखवायचे: पलीकडे बॉल टाका, शेजाऱ्याला कुत्रा घेऊन चालायला सांगा. नंतर दोरी सोडून, पण तुम्ही तिथेच उभे. झेंड्या एकदम काढू नका, एकाआड एक करत दोन आठवड्यांत.

फिरायला न्यायचं असेल तेव्हा शॉकची कॉलर काढायची आणि दर वेळी एकाच ठिकाणाहून, दोरीवर, बाहेर काढायचं. आणि कधीही, कधीही हद्दीपलीकडे उभं राहून "ये ये" म्हणून हाक मारू नका. मुलांना हे चारदा सांगा, तेच विसरतात.

कॉलर किती घट्ट, तर टोकं कातडीला लागली पाहिजेत पण एक बोट आत जायला हवं. दाट केसांच्या कुत्र्याला लांब टोकं लागतात. दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त नको, रात्री काढाच, आणि मधूनमधून जागा बदला, कारण ती दोन टोकं एकाच जागी दाबून राहिली की कातडीला जखम होते. लोकांना वाटतं शॉकने भाजलं, बहुतेकदा ते दाबाचं असतं. आठवड्यातून एकदा मान केस बाजूला करून बघा. लाल दिसली तर कॉलर बंद आणि व्हेटला फोन.

आणि उत्तर 'नाही' आलं तर

आमचं 'नाही' आलं. बंड्याला दोरीवर बघितलं त्या आठवड्यात चौथ्याच दिवशी एक हरीण आलं आणि माझ्या हाताच्या तळव्याची साल निघाली. त्यात तो झाकण पडल्याच्या आवाजाला दचकणारा. नवऱ्याला अजूनही वाटतं की झालं असतं, मी म्हटलं तुझ्या गळ्यात बांधू का आधी? त्याने खरंच हातावर लावून बघितलं, म्हणाला थंडीत गाडीच्या दाराला हात लावल्यावर बसतो तसा आहे, काही विशेष नाही. पण त्याला माहीत होतं की झटका येणार आहे आणि कुठून येणार आहे.

मग एचओएची फाइल परत उघडून बघितली, तर नियमात लिहिलेलं की लाकडी उंच कुंपण नको, पण घराच्या मागच्या बाजूला चार फुटी काळं अ‍ॅल्युमिनियमचं चालेल, अर्ज करून. आम्हाला फेन्स विकू बघणाऱ्यांनी सांगितलं होतं की काहीच चालत नाही, आणि आम्ही वाचलंच नव्हतं. तर तुमची फाइल स्वतः वाचा. पूर्ण अंगणाला परवडलं नाही म्हणून डेकच्या मागे तीस बाय चाळीस फुटांचा तुकडा केला, दरवाज्याला कडी. बाकी वेळ लांब दोरी आणि सकाळ-संध्याकाळ फिरणं. बंड्या त्या कुंपणाला नाक लावून हरणं बघतो आणि तासभर कुरकुरतो.